टकटक ऐकू आली की आधी थांबा

जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत अख्ख्या लग्नसराईचे शूटिंग एकाच हार्ड डिस्कवर असते. कर सल्लागाराच्या ऑफिसात दहा वर्षांचे हिशेब असतात, तर कुणाच्या घरी मुलांच्या बालपणीचे फोटो. एके दिवशी ही डिस्क रेंगाळू लागते, फाइल उघडायला मिनिटे लागतात, आतून टकटक ऐकू येते. मग कॉम्प्युटर बंद-चालू करून पाहिला जातो, वायर हलवली जाते, नेटवरचे एखादे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवले जाते. डेटा वाचवण्याच्या या धडपडीतच तो अनेकदा कायमचा जातो. अशी डिस्क जीर्ण पोथीसारखी हाताळायला हवी: शक्यतो एकदाच उघडावी आणि त्याच वेळी तिची नक्कल उतरवून घ्यावी. जीर्ण कागदांचे मोल धुळ्याला नव्याने सांगायला नको. गावोगाव फिरून दप्तरे जमवणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926च्या अखेरीस इथेच निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात उभे राहिले.

एवढी सावधगिरी का, हे डिस्कच्या आत डोकावले की कळते. आत चुंबकीय थर दिलेल्या चकचकीत तबकड्या असतात. घरच्या कॉम्प्युटरमधली नेहमीची डिस्क मिनिटाला 7200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120 फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पळत असते. तिच्यावर वाचणारे हेड अवघ्या काही नॅनोमीटरवर हवेच्या पातळ थरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी साधारण 80 हजार नॅनोमीटर भरते. हेड बिघडले की त्याला आपली जागा सापडत नाही. ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते, त्याचीच टकटक आपल्याला ऐकू येते. हेड तबकडीला घासले तर चुंबकीय थर खरवडला जातो आणि त्याची बारीक पूड आतच फिरत राहून नवे ओरखडे पाडते. फाइल पुसली गेली तरी तिची अक्षरे बराच काळ जागेवर असतात. थर खरवडला गेला की वाचायला काही उरतच नाही.

डिस्क का बिघडली, यावर खान्देशात हमखास उत्तर मिळते, ‘आपल्याकडचं ऊनच तसं.’ मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा हा समज स्वाभाविक आहे. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला. तो ठळक झाला तो फार तापलेल्या, त्यातही जुन्या डिस्कमध्ये. तो अभ्यास डेटा सेंटरमधला, म्हणून आपल्याकडच्या बंद, तापलेल्या खोलीत डिस्कला हवा मिळू द्यावी हे खरेच. पण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा आहे. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता 39 पट वाढली होती. शिवाय निकामी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी, तापमान वगळता, कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणून पहिला बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारा भाग, दिसला की उन्हाळा सरायची वाट पाहू नये.

‘रिकव्हरीचा खर्च परवडत नाही, मग घरी करून पाहायला काय हरकत?’ हा आक्षेप रास्त आहे. आवाज नसेल, डिस्क ओळखली जात असेल, तर घरीही प्रयत्न करता येतो, पण मूळ डिस्कवर नव्हे. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी सहज वाचता येणारे भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. पुढची सगळी शोधाशोध त्या नकलेवर करायची. ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विंडोज विचारेल, तेव्हा नाही म्हणावे. दुरुस्तीच्या नावाखाली मूळ डिस्कवर काही लिहूही देऊ नये. टकटक असेल तर वीज तोडून ती जाणकाराकडे द्यावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय तर टाळावाच. बाहेर काढताच आत दव धरते.

काही जण कोलंबिया यानाचा दाखला देतात. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या दुर्घटनेत गेले, तिच्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातला 99 टक्के डेटा परत मिळवला आणि झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. मग टकटकीला घाबरायचे कशाला? कारण त्या तबकड्यांवरही ओरखडे होते, पण ते कोऱ्या भागावर पडले. डिस्क जेमतेम अर्धी भरलेली होती आणि जुनी डॉस प्रणाली डेटा विखरून न टाकता सलग लिहीत असे. लिहिलेल्या भागाला धक्का लागला नाही, म्हणून तो वाचला. ‘मग चिपवर डेटा साठवणारी एसएसडीच घेऊ,’ असे कुणी म्हणेल. तिच्यात फिरते भाग नसतात हे खरे, पण तिच्यातून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा उलट कमीच. ट्रिम या आज्ञेमुळे पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी बहिणाबाईंची गाणी वेळोवेळी कागदावर उतरवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये त्यांचा संग्रह छापून आला. जी गाणी उतरवली गेली तेवढीच आज आपल्याकडे आहेत. आपल्या डिस्कचेही तसेच आहे. ती धडधाकट असतानाच एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि आणखी एक दुसऱ्या घरी ठेवा. आज रात्री जेवणानंतरच सुरुवात करा.