बालपणीचे मानसोपचार आणि विसरलेल्या आठवणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहानपणी घेतलेले मानसोपचार मोठेपणी आठवत नाहीत, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. कपाट आवरताना जुनी फाइल हाती लागते, आई बोलता बोलता सांगून जाते आणि आयुष्यातला एक अनोळखी तुकडा समोर येतो.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे व्हिएन्नातील हर्बर्ट ग्राफ. १९०८ साली, पाच वर्षांचा होत असताना, घोडा चावेल या भीतीने तो रस्त्यावर यायला तयार नसे. गाडीला जुंपलेला एक घोडा कोसळताना त्याने पाहिला होता. वडील माक्स ग्राफ यांनी सिग्मंड फ्रॉइड यांच्या सल्ल्याने त्याच्यावर उपचार केले. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये ही हकिगत ‘छोटा हान्स’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. पुढे हर्बर्टला वडिलांच्या अभ्यासिकेत तो लेख सापडला. त्यातली न बदललेली काही नावे त्याने ओळखली आणि १९२२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो फ्रॉइड यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. वाचलेले त्याला परक्याचे वाटले होते. ग्मुंडेन या गावच्या प्रवासाचा उल्लेख आला, तेव्हा मात्र मनात काहीतरी पुसटसे हलले होते.

गैरसमज : उपचार आठवत नाहीत, म्हणजे काहीतरी भयंकर घडले असून मनाने ते दडपले आहे.

वस्तुस्थिती : लहानपण विसरणे हा वाढीचाच भाग आहे. प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली असते आणि त्यापुढच्या काही वर्षांच्या आठवणीही तुटक असतात. हे विस्मरण बालपणातच सुरू होते. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांच्या २०१४ च्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी घडलेल्या प्रसंगांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग पाच ते सात वर्षांच्या मुलांना आठवले. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आले. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लहानपणी अजून घडत असतो, आणि अनुभव गोष्टीसारखा सांगण्याइतकी भाषाही पक्की झालेली नसते. त्यात खेळोपचाराचा तास मुलाला ‘उपचार’ वाटतच नाही. वाळूचा ट्रे, बाहुल्या, रंगखडू आणि प्रेमाने बोलणाऱ्या एक बाई, एवढेच त्याच्यापुरते असते.

गैरसमज : आठवत नसेल, तर ते उपचार वाया गेले.

वस्तुस्थिती : प्रसंगाची आठवण आणि त्यातून झालेले शिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एदुआर क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९११ मध्ये स्मृती गमावलेल्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. बोटांत टाचणी लपवून त्याने तिच्याशी हस्तांदोलन केले. नंतर ती टोचल्याचे तिला आठवेना, पण ती हातही पुढे करेना. मुलाने उपचारांत कमावलेला धीरही असाच, मूळ प्रसंग विसरल्यावरही, टिकू शकतो. हर्बर्टची भीती गेली आणि पुढे तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात दिग्दर्शक झाला. अर्थात लहानपणच्या अनेक भीती आपोआपही ओसरतात, त्यामुळे एवढ्यावरून सगळे श्रेय उपचारांना देता येत नाही.

गैरसमज : आठवण मेंदूत जशीच्या तशी जपलेली असते; फक्त ती बाहेर काढायची असते.

वस्तुस्थिती : आठवताना मन प्रसंग नव्याने जुळवते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले. वास, जागा, गावाचे नाव यांसारख्या खुणांनी खरी आठवण जागी होऊ शकते. मात्र मधल्या फटी आजच्या समजुतींनी भरल्या जातात.

गैरसमज : आठवण जितकी स्पष्ट, तितकी ती खरी.

वस्तुस्थिती : एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये चोवीस जणांना, लहानपणी ते बाजारसंकुलात हरवले होते, अशी खोटी गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने सांगितली. जवळपास एक चतुर्थांश लोकांना ती पूर्णतः वा अंशतः ‘आठवली’. २००२ मध्ये किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस जणांना ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसल्याचे बनावट छायाचित्र दाखवले, तेव्हा निम्म्यांना न घडलेली ती सफर आठवली. घरच्यांनी हेतू चांगला ठेवून सांगितलेली गोष्टही अशीच स्वतःची आठवण बनू शकते.

गैरसमज : संमोहनाखाली खरी आठवण हमखास परत येते.

वस्तुस्थिती : संमोहनाने आठवणीवरचा विश्वास वाढतो, अचूकपणा त्या प्रमाणात वाढत नाही. पुन्हा पुन्हा कल्पना करायला लावणे आणि सुचवणारे प्रश्न विचारणे यांतही हाच धोका आहे. पण म्हणून उशिरा आठवलेले सगळेच खोटे असते, असेही नाही. खूप काळाने परतलेल्या आठवणी खऱ्या ठरल्याची उदाहरणे आहेत. खरे-खोटे ठरवायला बाहेरचा पुरावा लागतो : त्या काळचे कागद, पावती, शाळेची नोंद, स्वतंत्रपणे सांगणारी दुसरी व्यक्ती.

गैरसमज : फाइल मिळाली की सगळा उलगडा होतो.

वस्तुस्थिती : फाइल मिळेलच असे नाही. भारतात बालमार्गदर्शन केंद्राची सुरुवात मुंबईत १९३७ साली झाली, परंतु जुन्या नोंदी सर्वत्र जपल्या गेलेल्या नाहीत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णांचे कागदही तीनच वर्षे ठेवण्याचे बंधन आहे. ते हाती असतील, तर मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही रुग्णाला मूलभूत नोंदी पाहण्याचा हक्क देतो. मिळालेली फाइलही मोठ्यांच्या नजरेतून लिहिलेली असते. ‘छोट्या हान्स’ची हकिगत मुख्यतः वडिलांच्या टिपणांवर उभी आहे. अशा कागदांतून भेटींच्या तारखा, उपचारांचे कारण आणि तेव्हाचे निदान कळते. त्या खोलीत बसलेल्या मुलाला काय वाटत होते, ते मात्र त्यांतून पूर्णपणे कळत नाही.