कार्ड वाढलं, पीठ शिळं झालं

उडप्याकडचा डोसा आता पूर्वीसारखा राहिला नाही, ही तक्रार जळगावात जितकी ऐकू येते तितकीच धुळ्यातही. दोष बहुधा मालकाच्या हावेला किंवा पळून गेलेल्या आचाऱ्याला दिला जातो. माझ्या मते दुखणं मेनूकार्डात आहे. मुळात उडुपी हॉटेल ही चवीइतकीच हिशोबाची करामत होती. कृष्णमठाच्या गावातली सोवळ्यातली पाककला दक्षिण कन्नडच्या माणसांनी मुंबईत आणली. माटुंग्याचं रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. इडली, डोसा आणि उत्तप्याला डाळ-तांदळाचं पीठ, वड्याला तोच उडीद, आणि सगळ्यांना मिळून एक सांबार. पदार्थ मोजके, गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे सकाळचं पीठ रात्रीपर्यंत उरायचंच नाही. ताजेपणा जपण्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे. तो या रचनेतच होता.

ही रचना खानदेशात अधिकच गरजेची, कारण इथली हवा पिठाला सवलत देत नाही. भिजवलेल्या उडदावरचे जिवाणू साखर खाऊन आम्ल आणि वायू तयार करतात; वायूने पीठ फुगतं, आम्लाने त्याला चव येते. पंचवीस-तीस अंशांत हे काम रात्रभरात नीट होतं. जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो. तेव्हा तेच पीठ काही तासांत आंबट होतं, आणि थंडीत पारा दहाच्या आसपास उतरला की सकाळपर्यंत फुगतच नाही. माटुंग्याला समुद्राची सम हवा आहे. इथे उन्हाळ्यात दोनदा थोडं थोडं वाटायला हवं, हिवाळ्यात पातेलं उबेत ठेवायला हवं. म्हणजे पिठाकडे पूर्ण वेळ लक्ष देणारा माणूस हवा. नेमका तोच माणूस पनीर टिक्का, मंचुरियन, पावभाजी आणि पिझ्झा आल्यावर दुसऱ्या शेगडीकडे गेला. इडलीचा खप वाटला गेला, पीठ फ्रिजमध्ये मुक्कामाला राहू लागलं. मग आंबटपणा झाकायला साखर, फुगायला सोडा, आणि डोशावर शेजवान नि चीज. (चीजखाली काहीही खपतं, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे.) साध्या इडलीला मात्र लपायला जागा नसते, म्हणून पडझड आधी तिच्यात दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की हा सगळा आठवणींचा खेळ आहे; जुनं ते गोड लागतंच. आठवण फसवते हे खरं, पण आंबूस वास आणि सोड्याची पिवळट झाक आज, समोरच्या ताटलीतच तपासता येते. त्यासाठी १९८० सालची इडली आठवावी लागत नाही. दुसरा आक्षेप, खानदेशी जिभेला तिखट हवं, तिला यातलं काय कळणार? कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळणारा, वाफवलेले फुनके कढीशी खाणारा हा मुलूख आहे, आणि जळगाव तर डाळ मिलांचं शहर. उडदाची पारख इथे उसनी आणावी लागत नाही. महागाईचा मुद्दा अधिक वजनदार आहे: नारळ लांबून येतो, म्हणून चटणीत डाळं आणि शेंगदाणा वाढला. पण टंचाईतून ऱ्हासच होतो असं नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा आपण रवा इडली काढली, असं बंगळुरूचं एमटीआर सांगतं. आणि आणीबाणीत सरकारने दर उतरवायला लावले तेव्हा दर्जा उतरवण्याऐवजी त्यांनी हॉटेलच बंद ठेवलं. एवढी चैन जिल्ह्याच्या गावी परवडत नाही, हे मान्य. आजोबांपासून नातवापर्यंत सगळं कुटुंब एकाच टेबलाशी बसणार, तर नातवाला नूडल्स द्यावेच लागतात. मात्र त्यासाठी इडली रात्री दहापर्यंत मिळालीच पाहिजे, असा हट्ट कोणी धरला होता?

नाश्त्याच्या साध्या गाडीकडे पाहावं. तिची चटणी पातळ असेल, बाकडं डगमगत असेल, स्वच्छतेबद्दल न बोललेलं बरं. पण तिच्यावर एकच पातेलं असतं, आणि दहा-साडेदहाला ते उपडं होतं.