माळ्यावरील स्वयंपाकघर : वाऱ्याला वाट, माणसाला वाट



बारामती-इंदापूर हा अवर्षणप्रवण पट्टा. पावसाने दगा दिला तर जोडउत्पन्नाचा आधार लागतो. लोणी भापकरसारख्या गावात घराचा माळा दुरुस्त करून भाड्याने दिला, तर पडीक जागेचेही चार पैसे होतात. मात्र माळा बांधला तो कडबा, गोण्या, सरपण ठेवण्यासाठी. तेथे रोज विस्तव पेटणार असेल, तर भाडेकरू येण्यापूर्वी पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

धूर वर, गॅस खाली

चुलीचा धूर, वाफ व गरम हवा वर चढते. म्हणून छताजवळ झरोका हवा. त्यात एक्झॉस्ट पंखा बसविल्यास उत्तम. याउलट सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली की तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि जिन्याने खालच्या घरात उतरतो. खाली देवघरात निरांजन तेवत असेल, तर वरच्या गळतीने खालच्या घरात भडका उडू शकतो. म्हणून बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत दुसरा झरोका ठेवावा. थंडीतही तो चिंध्यांनी बुजवू नये.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.

खोली देण्यापूर्वी

१. शेगडी ओट्यावर व सिलिंडर खाली, उभा ठेवावा. जिन्याच्या तोंडाशी सिलिंडर ठेवू नये.
२. गॅसची नळी दर पाच वर्षांनी बदलावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडीने कदापि नाही.
३. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून खाली थर्माकोल लावतात. तो झटकन पेटतो आणि विषारी धूर सोडतो. स्वयंपाकाच्या जागेवर तो नको.
४. शेजारी कडबा, गोणपाट ठेवू नये. द्राक्षबागेसाठी आणलेली गंधकाची भुकटीही खाली हलवावी. ती पेटल्यास गुदमरवणारा वायू निघतो.
५. जिना एकच असतो. शेगडी दारापासून दूर मांडावी, म्हणजे आग लागली तरी दार मोकळे राहते. एका खिडकीचे गज आतून उघडता येतील असे करावेत.

प्रसंग आल्यास

गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. वरच्या व खालच्या सर्वांना बाहेर काढून १९०६ या क्रमांकावर कळवावे. कढईतील तेल पेटल्यास पाणी ओतू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावे. आग आटोक्यात येत नसेल, तर सामान सोडून बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

दोन झरोक्यांचा खर्च महिन्याभराच्या भाड्याहून फारसा नाही. भाडेकरूच्या लेकरांइतकाच तो आपल्या लेकरांसाठीही आहे. कारण त्याच माळ्याखाली आपण झोपतो.