कॉफी मेकरच्या नळीत साचणारा दगड

घरगुती ड्रिप कॉफी मेकरमध्ये पंप नसतो. टाकीतले पाणी स्वतःच्या वजनाने तळाच्या अरुंद धातूच्या नळीत उतरते. या नळीला चिकटून विजेचा तापक असतो. पाणी उकळू लागले की वाफेचे बुडबुडे ते उभ्या नळीतून वर ढकलतात आणि गरम पाणी फिल्टरमधल्या पावडरीवर पडते. ढकललेले पाणी टाकीत परत जाऊ नये म्हणून वाटेत एकमार्गी झडप बसवलेली असते. सारे काम या बोटापेक्षा बारीक नळीवर अवलंबून असते. तिच्या आत थर जमला की यंत्र कुरकुरू लागते.

हा थर येतो पाण्यातून. देगलूरच्या पाण्याचेच उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्यातला हा तालुका तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा असला, तरी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, त्याहून फार जुने ग्रॅनाइट आणि नाईस खडक उघडे पडलेले आहेत. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडेही सापडतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस न येणे, तुरीची डाळ लवकर न शिजणे, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरी खपली धरणे, या घराघरांत ओळखीच्या खुणा त्याच पाण्याच्या आहेत.

थंड पाण्यात हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले राहतात. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. पाणी सर्वांत जास्त तापते तापकाला टेकलेल्या भिंतीवर, म्हणून थरही आधी तिथेच बसतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही यंत्राला जड जाऊ शकते. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा धरला, तर रोज एक लिटर पाणी घालणाऱ्या यंत्रातून वर्षाला सुमारे ११० ग्रॅम क्षार जातात. त्यांचा दहावा हिस्सा नळीत राहिला, तरी ११ ग्रॅम दगड होतो. हा दगड उष्णता अडवतो. तापक आतून अधिक तापतो, पाणी मात्र कमी तापते आणि नळीची वाट अरुंद होत जाते.

तरीही प्रत्येक बिघाडाचा दोष थरावर टाकू नये. तपासणी क्रमाने करावी. यंत्र अजिबात चालू होत नसेल, तर आधी प्लग आणि सॉकेट पाहावे. तिथे दोष नसेल, तर अतिउष्णतेने आतला थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. तो एकदाच काम करतो, म्हणून त्याच क्षमतेचा नवा बसवून घ्यावा. त्याला वगळून तार थेट जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

यंत्र चालते पण संथ, असे असेल तर व्होल्टेज पाहावे. तापकाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर ती सुमारे ६१ टक्क्यांवर येते. उन्हाळ्यात संध्याकाळी रेंगाळणारे यंत्र पहाटे नीट चालत असेल, तर दोष विजेचा आहे.

फिल्टर भरून वाहत असेल, तर पावडर तपासावी. फिल्टर कॉफीच्या पावडरीत बहुधा चिकोरी मिसळलेली असते आणि कायद्याने तिचे प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी फुगते, पाणी दाट करते आणि कागदाची छिद्रे बुजवते. अशा वेळी चिकोरी कमी असलेली, थोडी जाडसर दळलेली पावडर वापरावी.

वीज ठीक, पावडर ठीक, तरी यंत्र जास्त आवाज करते, वाफ जास्त आणि पाणी कमी देते, टाकीत पाणी उरते, तेव्हा कारण थर हेच समजावे.

हा थर आम्लात विरघळतो. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, यासाठी पुरते. एक लिटर पाण्यात त्याचे दोन मोठे चमचे, साधारण २५ ते ३० ग्रॅम, पूर्ण विरघळवावे. फिल्टरचा कागद काढून हे पाणी टाकीत भरावे. यंत्र सुरू करून एक तृतीयांश पाणी बाहेर आले की बंद करावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. बारीक बुडबुडे दिसणे ही थर विरघळत असल्याची खूण आहे. सतत उकळवणे टाळावे, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि नवा पांढरा साका धरू शकतो. मग उरलेले पाणी चालवून संपवावे आणि दोन-तीन वेळा साधे पाणी फिरवावे. थर जाड असेल, तर कृती पुन्हा करावी. लिंबूसत्त्व नसेल, तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात चालते; त्याचा वास जायला मात्र जास्त वेळा धुवावे लागते.

खाण्याचा सोडा थर काढत नाही. उलट आम्लात मिसळल्यास त्याचीच शक्ती मारतो. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड अॅल्युमिनियमची नळी खाते, म्हणून ते कधीही वापरू नये. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीजवळ नेऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जड पाणी वापरणाऱ्या घरात ही सफाई दोन-तीन महिन्यांतून एकदा करावी. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. पाणी उकळून, थंड करून, वरचे निथळून घेतले, तर थर बसवणारा बराचसा भाग आधीच भांड्यात राहतो. पावसाचे स्वच्छ साठवलेले किंवा आरओचे पाणीही थर फार कमी बसू देते. चवीच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे, कारण बायकार्बोनेट कॉफीतली नाजूक आंबट चव मारून टाकते आणि पेय सपक लागते. बोअरच्या पाण्याचा नेमका जडपणा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. तो आकडा कळला की सफाई किती दिवसांनी करायची, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.