कानोसा घेणारा सांगाडा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सकाळी तासभर उभं राहिलं, की माणसाच्या पाठीबद्दल आपोआप आदर वाटायला लागतो. सळ्यांच्या मोळ्या आणि पत्र्याची कॉइलं उचलायला क्रेन आहेत, हायड्रा आहेत. पण साखळी अडकवायला, खालचा लाकडी ठोकळा सरकवायला, सुटी पट्टी ट्रकच्या फाळक्याशी सरळ लावायला शेवटी माणूसच वाकतो. दोन माथाडी कामगार एक पट्टी उचलताना मी बघत होतो. वाकल्यावर दोघं क्षणभर थांबले, एकाने ‘हां’ म्हटलं, आणि तेवढ्या एका अक्षरावर दोन पाठी एकदम वर आल्या. जराही मागेपुढे नाही.

त्या वाकण्याचा हिशेब करून बघा. ओझं २५ किलोचं आणि कमरेच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे असं धरू. ते तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. एक दांडी ४०ची, दुसरी ५ची. म्हणजे २५ किलो तोलायला स्नायूंना २०० किलोची ओढ लावावी लागते. स्वतःच्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला, त्यांना मंडळाचं छत्र दिलं. मणक्याचा हा हिशेब मात्र कोणत्याच कायद्याने बदलत नाही.

तो थोडा हलका करणारी वस्तू आता जगात वापरात आहे. इंग्रजीत तिला एक्सोस्केलेटन म्हणतात, आपण बाह्यसांगाडा म्हणू. पनवेलच्या खाडीतली चिंबोरी हातात धरलेल्याला वेगळं समजवायला नको: तिचा सांगाडा बाहेर असतो आणि स्नायू आतून त्याला धरून असतात. माणसाचं उलटं. मग माणसाच्या अंगावर दुसरा, बाहेरचा सांगाडा चढवला तर?

पाठीसाठीचा सर्वांत साधा सांगाडा म्हणजे छातीशी एक आधार, मांड्यांशी दोन, आणि मधे स्प्रिंगा किंवा जाड रबरी पट्टे. वाकलं की ते ताणले जातात, उठताना तीच ताकद परत देतात. मोटर नाही, बॅटरी नाही. तरीही वाकून उचलण्याच्या कामात पाठीच्या स्नायूंचे कष्ट १० ते ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. कळंबोलीच्या मे महिन्यातल्या घामात ते पट्टे दिवसभर कोण बांधून ठेवील, हा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रयोगशाळेत सुटणारा नाही. इथे, या फाळक्यापाशी, कामगारांनाच विचारून सोडवावा लागेल.

पण मला थक्क करते ती या यंत्रांची ताकद नव्हे. ताकदीचा रस्ता माणसाने आधीच धरून पाहिला होता. १९६०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ‘हार्डिमन’ नावाचा लोखंडी पेहराव बांधायला घेतला. स्वतःचंच वजन सुमारे ६८० किलो, आणि तेवढंच ओझं त्याने लीलया उचलावं अशी अपेक्षा. एक हात धड चालला. सगळे सांधे एकत्र चालवायला घेतले, की तो पेहराव असा बेफाम हिसके द्यायचा, की आत माणूस घालून तो पुरता कधी चालवलाच नाही. जोर भरपूर होता. फक्त ‘हां’ कधी म्हणायचं, ते त्याला कळत नव्हतं.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला या. २०१५ साली अमेरिकेतल्या स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याला बांधायची एक चौकट दाखवली. एका पायाला साधारण अर्धा किलो वजन, पोटरीला समांतर एक स्प्रिंग आणि एक छोटा यांत्रिक क्लच. पाय टेकला की क्लच स्प्रिंग धरतो, पाय उचलला की सोडतो. बस, इतकंच. चालण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटली! लाखो वर्षांत घडत आलेली आपली चाल, त्यातही बाहेरून एक पैशाची वीज न लावता बचत करायला जागा उरली होती. किल्ली होती ती धरण्या-सोडण्याच्या वेळेत.

जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातले योशियुकी सान्काई यांनी तर यंत्राला कानोसाच घ्यायला शिकवलं. आपण पाय उचलायचं मनात आणतो, तेव्हा मेंदूचा संदेश मज्जारज्जूतून स्नायूपर्यंत जातो आणि त्वचेवर विजेची अगदी क्षीण खूण उमटते. स्नायूची ओढ प्रत्यक्षात उतरते त्यानंतर सेकंदाच्या काही शतांश भागाने. सान्काईंच्या ‘हॅल’ या सांगाड्याचे त्वचेला चिकटवलेले संवेदक ती खूण टिपतात आणि नेमक्या त्या फटीत मोटर फिरते. पाय हलायच्या आत यंत्राला कळलेलं असतं, की याला पाय हलवायचाय. स्नायू दुबळा झालेल्या माणसाचीही ती खूण पुष्कळदा शाबूत असते. इच्छा पोहोचते, जोर पोहोचत नाही.

आणि जिथे मज्जारज्जूच तुटलाय, तिथे? इस्रायलचे अभियंता अमित गॉफर १९९७च्या अपघातात मानेखाली लुळे पडले. त्यांनी ‘रीवॉक’ घडवला: अंग किंचित पुढे झुकवलं की संवेदकाला कल कळतो आणि मोटर पुढचं पाऊल टाकते. २०१४ साली अमेरिकेत त्याला घरी वापरायची परवानगी मिळाली. पण तो वापरायला कुबड्या धरणारे हात लागतात. गॉफर यांचे हात साथ देत नव्हते. स्वतःच्या यंत्रात त्यांना स्वतःला चालता आलं नाही, आणि हे ठाऊक असूनही त्यांनी ते इतरांसाठी पुरं केलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आपल्याकडेही काम सुरू आहे. मॅनहोलमध्ये माणूस उतरू नये म्हणून ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव बनवणाऱ्या तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सनेच लकवा आणि मणक्याच्या रुग्णांना चालायला शिकवणारं ‘जी-गेटर’ तयार केलं. अशा यंत्रांचं मोल पुनरावृत्तीत आहे. मेंदूचा एक भाग निकामी झाला, की उरलेला भाग नव्या वाटा काढू शकतो, पण त्यासाठी तेच पाऊल हजारो वेळा टाकावं लागतं, आणि रुग्णाला धरून उभ्या असलेल्या माणसाचे हात त्याआधी थकतात. यंत्र थकत नाही. मात्र यातही एक खुबी आहे. यंत्राने सगळंच काम केलं, तर शरीर अंग काढून घेतं आणि शिकणं थांबतं. म्हणून ही यंत्रं रुग्णाचा प्रयत्न मोजतात, आणि तो जितका वाढेल तितका आपला जोर आखडता घेतात.

आमच्या सिडकोच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगवायू झाला. त्यांच्या उजव्या चपलेचं पुढचं टोक फरफटून पातळ झालंय. फिजिओथेरपीच्या ताई रोज संध्याकाळी त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधतात, मागून धरतात आणि पॅसेजमधून चालवतात. “काका, टाच आधी.” सांगाडा नाही, संवेदक नाहीत, पट्ट्यातली चार बोटं तेवढी. परवा जिन्यापर्यंतची सहा पावलं मी दारातून मोजली. पहिल्या आणि तिसऱ्या पावलाला उजव्या पायाची तशीच फरफट. चौथं पाऊलही डाव्याचं होऊन गेलं आणि पाचवं पडलं ते टाचेवर, आवाज न करता. मी ताईंच्या हाताकडे पाहिलं. त्या पावलाच्या आधी त्यांनी दोन बोटं काढून घेतली होती.