आयर्लंडची मातृभाषा

आयर्लंड देशाचें नांव महाराष्ट्रीय वाचकांस परकें नाहीं. कै. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं त्या देशाचा इतिहास मराठींत लिहून ठेविला आहे. परंतु त्या राष्ट्राची स्वतःची अशी एक भाषा आहे, आणि ती इंग्रजीची पोटभाषा नसून सर्वस्वीं वेगळी आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. त्या भाषेची हकीगत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण तींत राजकारणाइतकाच गृहजीवनाचाही भाग आहे.

आयरिश ही केल्टिक कुळांतली भाषा. इंग्रजी त्या बेटावर येण्यापूर्वीं कित्येक शतकें तिच्यांत ग्रंथरचना होत होती. मराठी माणसास तिच्यांतील कांहीं गोष्टी ओळखीच्या वाटतील. इंग्रजींत वस्तु बाळगण्याचें जसें स्वतंत्र क्रियापद आहे तसें तिच्यांत नाहीं. आपण 'माझ्याजवळ पुस्तक आहे' म्हणतों, तशीच तिची रचना. 'होय' आणि 'नाहीं' यांना तर तिच्यांत निराळे शब्दच नाहींत. 'येशील का?' असें विचारलें तर 'येईन' किंवा 'येणार नाहीं' असें क्रियापदानेंच उत्तर द्यावयाचें. (नुसतें 'हूं' म्हणून सुटका करून घेण्याची आमच्या मुलांची युक्ति तेथें चालत नसावी!) राजधानीस जग डब्लिन म्हणतें, आयरिश बोलणारा तिला 'बॉल्ये आहा क्लिआ', म्हणजे नदींत कूड टाकून केलेल्या उताराचें गांव, असें म्हणतो.

अशी ही भाषा मागें पडली कशी? 'इंग्रजांनीं मारली' एवढें उत्तर पुरें पडत नाहीं. राज्यकारभार, न्यायकचेऱ्या व व्यापार इंग्रजींत चाले हें खरेंच. इ. स. १८३१ मध्यें सरकारी शाळांची व्यवस्था सुरू झाली, तीही इंग्रजींतूनच. पुढें १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेलीं. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील गोरगरीब, ज्यांच्या तोंडीं आयरिश होती, त्यांच्यावरच ही आपत्ति सर्वांत अधिक कोसळली. १८५१ च्या खानेसुमारींत आयरिश येणारे लोक पंधरा लाखांहून थोडे अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या चौथाईहूनही कमी, भरले.

परंतु आमच्या मनास सर्वांत अधिक चटका लावणारी गोष्ट निराळीच आहे. मुलाच्या गळ्यांत दोरीनें एक काठी अडकवीत. त्याच्या तोंडून आयरिश शब्द निघाला कीं काठीवर एक खांच पाडावयाची, आणि मागाहून खांचा मोजून त्याला शिक्षा करावयाची, अशी चाल होती. हें मास्तरांचेंच काम असतें तर नवल नव्हतें. पुष्कळ ठिकाणीं घरांत खांचा पाडणारे खुद्द आईबाप असत! त्यांना स्वतःला इंग्रजी धड बोलतां येत नसे. पण मुलगा अमेरिकेस जावो, कोठें तरी पोटाला लागो, एवढीच त्यांची इच्छा. त्यांस दोष द्यावयास आमचें मन घेत नाहीं. दुष्काळ पाहिलेल्या आईनें भाषेआधीं भाकरीचा विचार केला, यांत तिचें काय चुकलें? डॅनियल ओ'कॉनेलसारख्या लोकनायकाला आयरिश बाळपणापासून येत असतांही तिच्या लयाबद्दल त्याला खंत वाटत नव्हती. मग झोपडींतल्या कुटुंबाची काय कथा!

खंत वाटली ती पुढच्या पिढीला. डग्लस हाइड हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. शेजारच्या खेडुतांच्या तोंडून तो आयरिश शिकला. १८९३ सालीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं गेलिक लीग ही संस्था काढली. भाषेंत पक्षभेद नसावा असें त्याचें मत. लीगनें १९१५ मध्यें राजकीय ध्येय स्वीकारतांच त्यानें अध्यक्षपद सोडलें. पुढें १९३८ सालीं तोच आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

तत्पूर्वींच, १९२२ मध्यें स्वराज्य मिळतांच, आयरिशला राष्ट्रभाषेचा मान मिळाला. १९३७ च्या राज्यघटनेनें तिला पहिली राजभाषा ठरविलें. शाळांत ती आवश्यक झाली, आणि तींत नापास होणारा विद्यार्थी शालान्त परीक्षेंतच नापास, हा नियम १९७३ पर्यंत चालला. पेग सेयर्स या ब्लास्केट बेटावरील बाईनें आपल्या मुलाकरवीं लिहविलेलें आत्मवृत्त १९३६ मध्यें प्रसिद्ध झालें व पुढें पाठ्यपुस्तक होऊन विद्यार्थ्यांच्या कंटाळ्याचा विषय बनलें. तें बेट मात्र १९५३ सालीं ओस पडलें.

२०२२ च्या खानेसुमारींत सुमारें पावणेएकोणीस लाख लोकांनीं आपणांस आयरिश बोलतां येतें असें सांगितलें. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र बहात्तर हजारांच्या आंतच! शाळेनें भाषा शिकविली. ती बोलावयास घर देणें शाळेच्या हातीं नव्हतें. तथापि ही भाषा आपली नव्हे असें कोणी म्हटलें तर न बोलणाऱ्या आयरिश माणसासही तें खपत नाहीं. इंग्रजींत बोलतांनाही तो आपल्या पंतप्रधानास 'टीशख' असेंच म्हणतो.

घर काय करूं शकतें याचें उदाहरण, चमत्कार असा कीं, ब्रिटिश अंमलाखालींच राहिलेल्या बेल्फास्ट शहरांत सांपडतें. तेथील कांहीं तरुण जोडप्यांनीं मोठेपणीं आयरिश शिकून संसार त्याच भाषेंत थाटण्याचें ठरविलें. १९६९ मध्यें शॉज रोडवर त्यांनीं शेजारीं शेजारीं घरें बांधलीं. चुलीपाशीं आयरिश, अंगणांत आयरिश. मुलें तीच भाषा प्रथम बोलूं लागलीं. आतां त्यांच्यासाठीं शाळा हवी होती. १९७१ सालीं नऊ मुलें घेऊन ती सुरू झाली, तेव्हां अधिकाऱ्यांनीं ती बेकायदा असल्याची तंबी दिली. आईबापांनीं वर्गणी गोळा करून ती तेरा वर्षें चालविली. सरकारी मदत मिळावयास १९८४ साल उजाडलें.