जुन्या पिकअपच्या पोटांत कोणतें इंजिन आहे ?

बैल घेतांना आपला शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं हात घालून सौद्याचें बोट दाबतो. तोच शेतकरी जुनी पिकअप घेतांना मात्र रंग, टायर व हौदा एवढें पाहून इसार देऊन मोकळा होतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

गेल्या कांद्याच्या हंगामांत आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें महिंद्राची एक जुनी पिकअप घेतली. नोंदणीपुस्तकांत इंजिनाची क्षमता २११२ घनसेंटिमीटर लिहिलेली होती. पंधरवड्याच्या आंतच हेडचें गॅस्केट फुटलें. पुस्तकावरून त्यानें शहरांतून नवें आणविलें, तें बसेना. दुसऱ्या दुकानांतून आणविलें, तेंही बसेना. कांदा खळ्यावर, गाडी लिंबाखालीं, आणि भाडोत्री टेंपोचे पैसे रोज खिशांतून. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें बॉनेटखालीं एकदां नजर फिरविली व म्हटलें, "दादा, गाडी पुस्तकांतली आहे, इंजिन पुस्तकांतलें नाहीं." त्या दिवशीं त्या मिस्त्रीकडून जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या कंपनीच्या जुन्या डिझेल गाड्यांतून आपणांस मुख्यत्वें दोन कुळांचीं इंजिनें भेटतात. पहिलें कूळ फ्रान्समधील पेजो कंपनीचें. तिच्या एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना महिंद्रानें १९७९ सालीं घेतला. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरांचा बोअर, हें त्याच्या नांवांतच आहे; क्षमता २११२. याच घराण्याचें एक्सडी ३ हें थोरलें इंजिन २४९८ घनसेंटिमीटरांचें. दुसरें कूळ ट्रॅक्टरचें. महिंद्राच्या भागीदारीनें १९६३ सालीं निघालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ सालीं महिंद्रांतच विलीन झाली. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचा स्ट्रोक चार इंचांचा होता. एमडीआय या पिकअपच्या इंजिनाचाही तेवढाच आहे, क्षमता २५२३. आतां २४९८ आणि २५२३ या दोहोंसही विकणारा "अडीच लिटरचें" म्हणतो, आणि घोटाळा होतो तो येथेंच. एकाचें गॅस्केट वा पिस्टन दुसऱ्यास चालत नाहीं.

मागील फळीवरील अक्षरांवर विसंबूं नये. 'डीपी' म्हणजे पेजोचें डिझेल व 'डीआय' म्हणजे थेट फवाऱ्याचें, हें खरें. परंतु फळी बदलतां येते, आणि रंगारी तर जें सांगाल तें लिहून देतो.

खरी खूण हेडाच्या बाजूस सांपडते. पेजो इंजिनांत डिझेलचा फवारा प्रथम हेडांतील एका लहान कोठडींत उडतो व तेथें पेट घेऊन मग सिलिंडरांत उतरतो. थंडींत ही कोठडी तापावी म्हणून प्रत्येक सिलिंडरास एक हीटर प्लग असतो. चारही प्लगांच्या माथ्यांवरून विजेची पट्टी किंवा तार गेलेली दिसली, तर तें इंजिन पेजोचें समजावें. एमडीआयमध्यें फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावरील वाटींत उडतो. तेथें हे प्लग नाहींत. (पुढें निघालेलें कॉमन रेलचें इंजिनही २५२३ चेंच आहे, पण त्याची इंधनाची जाड नळी व विजेच्या तारांचें जाळें पाहून तें निराळें ओळखूं येतें.) म्हणून जुनी गाडी पाहावयास दुपारीं जाऊं नये. हिवाळ्याच्या सकाळीं, विकणाऱ्यानें ती तापवून ठेवण्यापूर्वीं जावें. ज्या गाडीचा मालक चावी अर्धी फिरवून क्षणभर थांबतो, त्या गाडीस बहुधा हीटर आहे.

डिझेल पंपाचें काम करणाऱ्याकडे नोझल नेलें असतां तोही सांगतो. कोठडीच्या इंजिनाचें नोझल एकच धार शंकूसारखी सोडतें, थेट फवाऱ्याच्या नोझलास अनेक छिद्रें असतात. कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून त्या जातीच्या इंजिनास डिझेल अधिक लागतें.

हेड उघडलेलेंच असेल तर बोअर मोजीत बसूं नये. एमडीआयचा मूळ बोअर ८८.९ मिलिमीटर; दोनदां घासून मोठा केला कीं तो पेजोच्या नव्वदाशीं येऊन भिडतो. स्ट्रोक मात्र घासून वाढत नाहीं. पिस्टन वरच्या टोंकापासून खालच्या टोंकापर्यंत किती उतरतो तें पट्टीनें मोजावें. सुमारें सव्वातीन इंच भरल्यास २११२, साडेतीन भरल्यास २४९८, आणि पुरे चार इंच भरल्यास २५२३. आमच्या बागाईतदाराच्या गाडींत पट्टी चार इंचांवर थांबली.

इंजिन बदलणारा प्रत्येक जण लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं. ट्रॅक्टरच्या कुळाचें इंजिन गांवच्या मिस्त्रीच्या हातांतलें असतें व डिझेल कमी पितें, म्हणून कित्येकांनीं तें समजून उमजून बसविलें. अडचण कागदाची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते व पुस्तकांत तशी नोंद व्हावी लागते. ती नसल्यास नांव चढत नाहीं, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी याच फरकावर बोट ठेवूं शकते. म्हणून इसार देण्यापूर्वीं ब्लॉकवरील नंबराची जागा डिझेलच्या चिंधीनें पुसावी, वर कागद धरून पेन्सिल घासावी, आणि उमटलेला नंबर पुस्तकाशीं अक्षरशः ताडून पाहावा. नंबराभोंवतीं लोखंड घासलेलें दिसलें, तर नंबर जुळला तरीही सौदा सोडून यावें.

आमच्या बागाईतदारास योग्य गॅस्केट दुसऱ्याच दिवशीं मिळालें व उरलेला कांदा बाजारांत गेला. डिझेलही कमी लागतें म्हणून तो इंजिनावर खूष आहे. परंतु तें बसविलें कोणी, कोणत्या सालीं, आणि त्याची पावती कोठें आहे, हें विचारीत तो आजपर्यंत तीन जुन्या मालकांचीं दारें झिजवून आला असून चौथ्याचा पत्ता शोधीत आहे.